चेर्नोबिलचा पाऊस आणि आपली चराई

(संघटनेच्या उन्हाळी मेळाव्यात तरुण गटाने केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरून माणसं येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी पत्रकात देत आहोत. पाड्याच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



जमिनीच्या मेळाव्यात ही पोरं परदेशातल्या मेंढ्यांचं काय सांगत बसली, असं काही जणांना वाटेल. प्लॉटचं बोला, दंडाचं बोला, कोंडवाड्याचं बोला, असं म्हणाल. आम्ही त्याचंच बोलणार आहोत. फक्त थोडं लांबून फिरून येणार आहोत. एखादी गोष्ट दुसऱ्याच्या गावात कशी घडली ते नीट पाहिलं, तर आपल्या गावात काय करून ठेवायचं ते कळतं.

 २६ एप्रिल १९८६ च्या रात्री तेव्हाच्या सोव्हिएत संघात, युक्रेनमध्ये, चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राची चार नंबरची भट्टी फुटली. दहा दिवस जळत होती. वीज तयार करायचं केंद्रच होतं ते. तारापूरला आहे तसंच, पण भट्टीची बनावट वेगळी. तारापूर १९६९ पासून चालू आहे आणि तिथे चेर्नोबिलसारखं काही झालं असं आम्ही म्हणत नाही. उगाच घाबरवायला आम्ही इथे उभे नाही. पण अशी भट्टी फुटली तर काय होतं, ते आता जगाने बघितलंय. आणि त्यात ढोरा-बकऱ्यांवर जगणाऱ्या माणसाचं काय झालं, ते आपण बघायला पाहिजे.

मुंबईच्या काही साथींनी इंग्रजी कागद आणून दिले. ते कितीतरी रात्री बसून आम्ही समजून घेतले. त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच सांगतो.

भट्टीतून जो धूर निघाला त्यात डोळ्याला न दिसणारा विषारी कण होता. वास नाही, चव नाही, रंग नाही. वारा जिकडे गेला तिकडे तो गेला. आणि जिथे त्या दिवसांत पाऊस पडला तिथे तो जमिनीवर उतरला. हे नीट लक्षात घ्या. जवळच्या काही गावांत कमी उतरला, लांबच्या काही डोंगरांत जास्त उतरला. कारण ढग तिथे फुटला. केंद्राच्या भोवतीची ३० किलोमीटरमधली गावं तर रिकामीच केली. लाखाच्या वर माणसं हलवली, गुरंही ट्रकात भरून हलवली. पण आपण आज बोलणार आहोत ते त्या गावांबद्दल नाही. आपण बोलणार आहोत दीड ते अडीच हजार किलोमीटर लांबच्या माणसांबद्दल. मुंबईहून रेल्वेने कलकत्त्याला जावं, एवढं लांब. त्यांनी ती भट्टी कधी बघितली नव्हती, तिची वीजही त्यांच्या घरात जळत नव्हती.

त्या कणांत दोन मुख्य. एक आयोडीन. ते आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याचं निम्मं, असं करत दोन-तीन महिन्यांत संपतं. ते गवतातून दुधात लवकर येतं, म्हणून लहान मुलांना त्याचा धोका जास्त. दुसरं सीझियम. ते निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. म्हणजे आज जन्मलेलं पोर बाप होईल, तेव्हा ते निम्मं झालेलं असेल. हे सीझियम मातीतून गवतात येतं, गवतातून जनावराच्या अंगात, आणि बसतं कुठे, तर मांसात. म्हणून मांसावर बंदी येते.

आता दोन मुलखांची हकीकत.

पहिला मुलूख इंग्लंडच्या पश्चिमेचे डोंगर. वेल्स म्हणतात, कंब्रिया म्हणतात, वर स्कॉटलंड आहे. तिथे मेंढपाळ राहतात. डोंगरावर उघड्यावर मेंढ्या सोडतात, तिथलं गवत हलकं, पाऊस भरपूर. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथे जोराचा पाऊस झाला. आधी सरकारने सांगितलं, काळजी नाही. मग २० जून १९८६ ला एकदम हुकूम निघाला. या भागातल्या मेंढ्या हलवायच्या नाहीत आणि कापायच्या नाहीत. किती दिवस? तीन आठवडे. चाळीस लाखांवर मेंढ्या आणि हजारो शेतकरी त्या हुकुमात सापडले.

तीन आठवड्यांनी काय झालं? बंदी उठली नाही. उलट मुदतच काढून टाकली. भाग कमी केला, पण जो उरला तिथे पाच वर्षांनीही बंदी होती. शेकडो शेतं तेव्हाही त्यात होती. शेवटची बंदी २०१२ ला उठली.

असं का झालं? साहेबांचा हिशेब चुकला म्हणून. त्यांनी हिशेब केला खालच्या सपाटीच्या चिकणमातीवरून. चिकणमाती सीझियमला धरून ठेवते, गवताला सोडत नाही, म्हणून थोड्या दिवसांत गवत साफ होतं. पण डोंगरावरची माती चिकण नाही. ती काळी, ओली, कुजलेल्या पाल्याची. ती धरत नाही. ती दर वर्षी नव्या गवताला ते परत देते. गवत मेंढी खाते, मेंढीच्या लेंडीतून ते परत मातीत. फिरतच राहतं.

आपल्यातला कुणीही म्हातारा सांगेल की खाचराची माती वेगळी आणि वरकसची वेगळी, भाताला चालते ती नागलीला चालत नाही. हेच तिथले मेंढपाळ सांगत होते, पण त्यांना विचारतो कोण? साहेब म्हणाले, मेंढ्या डोंगरावरून खालच्या कुरणात आणा, तिथे साफ होतील. मेंढपाळ म्हणाले, खालचं गवत आम्ही थंडीसाठी राखतो, ते आत्ताच चारलं तर थंडीत काय घालू? साहेब म्हणाले, पेंढा घाला. मेंढपाळ म्हणाले, आमची डोंगरातली मेंढी पेंढ्याला तोंड लावत नाही. मग साहेबांनी थोड्या मेंढ्या कुंपणात कोंडून प्रयोग केला. मेंढपाळ म्हणाले, उघड्यावर चरणारी मेंढी कोंडली की सुकते, त्यावरून काही कळणार नाही. या गोष्टी पुढे कागदावर आल्या, शहाण्या लोकांनी लिहिल्या. पण ज्यांनी त्या आधी सांगितल्या होत्या त्यांचं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

कंब्रियात आणखी एक गोष्ट आहे. तिथे समुद्राकाठी पहिल्यापासूनच अणूचा कारखाना आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात त्याच्या एका भट्टीला आग लागली होती. तेव्हा ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध विकायला बंदी केली होती, दूध ओतून द्यावं लागलं होतं. म्हणून १९८६ ला तिथले लोक विचारायला लागले की आमच्या डोंगरावर जे सापडलं ते सगळं चेर्नोबिलहूनच आलं, की यातलं काही आधीपासून इथेच पडलेलं होतं? तुम्ही आधी मोजलं होतं का? मोजलं असेल तर दाखवा. हा सवाल लक्षात ठेवा. आपल्याला पुढे लागणार आहे.

मग त्यांनी रीत काढली. मेंढी विकायला न्यायच्या आधी माणूस यंत्र घेऊन यायचा, जिवंत मेंढीच्या मागच्या भागाला लावायचा आणि मोजायचा. आकडा बेकेरेल नावाच्या मापात येतो. एका सेकंदाला किती कण फुटतात त्याचं ते माप. एका किलो मांसाला १००० च्या वर आकडा गेला की मेंढीच्या अंगावर रंगाचा पट्टा मारायचे. पट्टेवाली मेंढी कापायची नाही. दुसऱ्याला विकता यायची, पण पट्टा बघून व्यापारी भाव पाडायचा. ज्या मेंढीवर पट्टा नाही तिचाही भाव पाडायचा, कारण ती त्या मुलखातली. आपल्या बाजारात लांबच्या पाड्यावरून माणूस बकरी घेऊन आला की व्यापारी काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळ होत आली, परत कुठे नेतोस, दे आहे त्या भावात. तसंच ते.

सरकारने मेंढ्या गोळा करायच्या मेहनतीचे दर मेंढीमागे थोडे पैसे दिले, सव्वा पौंडाच्या आसपास. नुकसानभरपाईही दिली. पण भरपाई कुणाला मिळाली? ज्याच्या नावावर शेत आहे, ज्याच्या मेंढ्यांची मोजदाद आहे, ज्याचा डोंगरावर चारायचा हक्क कागदावर आहे, त्याला. हे झालं गोऱ्या शेतकऱ्यांचं, ज्यांच्याकडे कागद होता.

दुसरा मुलूख त्याच्याही वरचा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांचा उत्तरेकडचा भाग. तिथे आपल्यासारखेच मूळचे लोक राहतात. सामी त्यांचं नाव. बाहेरचे लोक आधी त्यांना लॅप म्हणायचे, त्यांना ते नाव आवडत नाही. आपल्याला कुणी जंगली म्हटलं तर कसं लागतं, तसंच. त्यांची भाषा वेगळी, पूर्वीचे देव वेगळे. त्यांचं जंगल तोडलं, नद्यांवर धरणं बांधली. नॉर्वेत आल्टा नदीच्या धरणाविरुद्ध १९७९ ला त्यांच्या पोरांनी राजधानीत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केलं. धरण काही थांबलं नाही, पण त्या लढ्यापासून त्यांचं नाव जगाला कळलं.

सामींमधले काही जण रेनडिअर पाळतात. सांबरासारखं शिंगांचं जनावर, थंडीतलं, कळपाने राहणारं. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात खाली जंगलात, असे ते कळपामागे फिरतात. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. गवत नाही. तेव्हा रेनडिअर बर्फ उकरून खालचं एक झाडवं खातं. आपल्याकडे झाडाच्या सालीवर, दगडावर पांढुरकं-करडं जे चढतं, बाजारात मसाल्यात दगडफूल म्हणून विकतात, त्या जातीचं. त्याला मूळ नसतं. ते जमिनीतून काही घेत नाही, पावसातून आणि हवेतूनच घेतं. आणि वाढतंही फार सावकाश. म्हणजे पावसातून जे पडलं ते सगळं त्याने शोषलं आणि वर्षानुवर्षं धरून ठेवलं. याच्या आधीही, सोव्हिएत संघाने उत्तरेच्या बेटांवर बाँबच्या चाचण्या केल्या तेव्हा, त्या दगडफुलात कण उतरलेच होते. चेर्नोबिलच्या पावसाने त्यावर कितीतरी पटीने भर घातली.

त्या वर्षी स्वीडनमध्ये मांसाची मर्यादा ठेवली होती किलोला ३०० बेकेरेल. रेनडिअरच्या मांसात निघाले हजारो, काही ठिकाणी दहा हजारांच्या वर. पहिल्या हंगामात कापलेल्या रेनडिअरमधलं बहुतेक मांस बाद झालं. बाद मांस माणसाने खाऊ नये म्हणून त्यावर निळा रंग ओतला. काही खड्ड्यात पुरलं, काही मिंक आणि कोल्हे पाळायच्या कारखान्यांना खायला दिलं. शेठाणीच्या कोटासाठी ज्या जनावराची कातडी काढतात त्याच्या पोटात ते गेलं.

आपण जरा थांबून विचार करू. जनावर मरायला टेकलेलं नाही. दिसायला धडधाकट आहे. हाताने वाढवलं आहे. त्याला कापायचं आणि डोळ्यासमोर निळं करायचं. रेनडिअर म्हणजे नुसतं मांस नाही. रक्ताचं खाणं करतात, हाडातला मगज पाहुण्याला देतात, कातड्याचे जोडे शिवतात, शिंगाच्या सुऱ्या करतात, पोर कळपामागे फिरत शिकतं. आपल्याकडे बकरी म्हणजे काय? दवाखान्याचे पैसे म्हणजे बकरी. बी-बियाणं म्हणजे बकरी. जामीन म्हणजे बकरी, देज म्हणजे बकरी, देवाचा मान म्हणजे कोंबडा. वाघबारशीला राखोळी पोरं रानात जेवण करतात, ते ढोरांच्या जिवावर. ज्याला बँक नाही त्याची बँक दावणीला असते. ती एका दिवसात निळी झाली तर भरपाईच्या पावतीवर काय काय लिहिणार?

आता मर्यादेची गोष्ट ऐका. आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

एवढी कमी मर्यादा ठेवली तर रेनडिअर पाळणंच संपेल, हे सरकारांच्या लक्षात आलं. मग नॉर्वेने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रेनडिअरच्या मांसाची मर्यादा ६००० केली. स्वीडनने १९८७ ला ती १५०० केली. मांस तेच, कण तेच, कागदावरचा आकडा बदलला आणि बाद मांस चांगलं झालं. कारण काय दिलं? शहरातला माणूस रेनडिअर वर्षातून दोन-चारदा खातो, त्याला यातून धोका नाही. खरंही आहे ते. पण सामी कळपवाला ते रोज खातो. त्याच्या ताटाचं काय? त्याला सांगितलं, तू कमी खा, मोजून खा, पोरांना आणि गरोदर बाईला जपून दे.

म्हणजे आकडा कमी ठेवला तर धंदा मरतो, आकडा वाढवला तर ताट बिघडतं. दोन्हीकडून घाव सामीवरच. ज्याने भट्टी बांधली त्याच्यावर नाही, ज्याने वीज वापरली त्याच्यावरही नाही.

मात्र सामी गप्प बसले नाहीत. त्यांची गावं-मंडळं आहेत, कळपाची नोंद आहे, चराईच्या वाटा ठरलेल्या आहेत. स्वीडनच्या कायद्यात रेनडिअर चारायचा हक्क सामींचा म्हणून लिहिलेला आहे. त्याच्या आधारावर ते भांडले. बाद मांसाचे पैसे सरकारला द्यावे लागले. नुसते पैसे नकोत, उपाय करा, असंही ते म्हणाले. मग उपाय निघाले. सीझियम मातीतून जात नाही, पण जनावराच्या अंगातून जातं. साफ चारा मिळाला तर रेनडिअरच्या अंगातलं दोन-तीन आठवड्यांत निम्मं होतं. म्हणून कापायच्या आधी काही आठवडे कळप आवारात आणून बाहेरचा साफ चारा घालायला लागले. कापणीचा हंगाम अलीकडे ओढला. पावसाळा-उन्हाळ्याचं गवत खाऊन झालेलं जनावर दगडफूल खायला लागायच्या आधीच कापायचं. एक निळी पूड आहे, प्रशियन ब्लू म्हणतात, ती मिठाच्या ढेपीत घालून चाटायला दिली. ती पोटात सीझियम धरते आणि शेणावाटे बाहेर काढते. या खर्चाला सरकारला पैसे द्यावे लागले.

कळप कधी कुठे असतो, कधी काय खातो, हे ज्याला माहीत आहे तोच हे उपाय करू शकतो. साहेबाच्या टेबलावर हे कळत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

चेर्नोबिलचा कण आपल्या डोंगरावर पडला आणि तुमची बकरी विषारी झाली, असं कुणी बाजारात सांगत असेल तर ते खोटं आहे. भाव पाडायला सांगत असेल. विश्वास ठेवू नका. आपल्या मुलखाशी चेर्नोबिलचा संबंध आला तो दुसऱ्या वाटेने. युरोपातून दुधाची भुकटी आणि लोणी आपल्या देशात डेअरीसाठी येत होतं. मुंबईत आयर्लंडचं लोणी आलं. त्यात चेर्नोबिलचा कण आहे, ते लोकांना खायला घालू नका, म्हणून काही लोक हायकोर्टात गेले, तिथून सुप्रीम कोर्टात. सुप्रीम कोर्टाने तीन जाणकारांची समिती नेमली. समितीने सांगितलं की हे लोणी खायला हरकत नाही, आणि १९८८ ला कोर्टाने ते मान्य केलं.

समितीचं बरोबर की चूक, हा आमचा आजचा विषय नाही. आम्ही एवढंच दाखवतो, की मुंबईच्या माणसाच्या ताटातल्या लोण्यासाठी मोजमाप झालं, वकील उभा राहिला, समिती बसली, निकाल लिहिला गेला. उद्या आपल्या पाड्यावरच्या बकरीबद्दल शंका आली तर कोण मोजणार? कुणासमोर? आकडा आपल्याला सांगणार का? १९६२ च्या अणुऊर्जेच्या कायद्यात माहिती गुप्त ठेवायचा अधिकार सरकारला दिला होता. तारापूर आपल्या जिल्ह्यात. तिकडे गुजरातेत तापीवर काकरापारला केंद्र उभं राहिलं, तोही आदिवासी मुलूख. तिथल्या लोकांनी विरोध केला, मोर्चे काढले. पलीकडे झारखंडात जादुगोडाला युरेनियमची खाण आहे, तीही आदिवासींच्या गावांत. भट्टीला लागणारं दगड आपल्या भावांच्या जमिनीतून निघतं, भट्टी आपल्या बाजूला उभी राहते आणि वीज जाते शहराला. आपल्या किती पाड्यांवर अजून चिमणी जळते ते तुम्हीच बघा.

आता आपण स्वतःला विचारू. समजा उद्या हुकूम निघाला. अमुक तालुक्यातली ढोरं, बकऱ्या, कोंबड्या हलवायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. तीन आठवडे. मग काय होईल?

भरपाई द्यायला तलाठी येईल. विचारेल, जमीन कुणाच्या नावावर? आपण म्हणू, एकसाली प्लॉट आहे, बापापासून कसतोय. तो म्हणेल, पावती दाखव. पावती नसेल तर अतिक्रमण. अतिक्रमणाला भरपाई नाही. विचारेल, ढोरं कुठे चरतात? आपण म्हणू, जंगलात. तो म्हणेल, चराईचा पास कुठाय? पास नाही म्हणजे गुन्हा. भरपाई राहिली बाजूला, आपल्यावरच केस. विचारेल, बकऱ्या किती? आपण म्हणू, बारा होत्या. तो म्हणेल, कशावरून? आणि गवत? गवत तर कुरणवाल्याच्या नावावर. तो आपल्या आधी रांगेत उभा असेल भरपाईला, आणि त्याच्याकडे सात-बारा असेल.

म्हणून आम्ही म्हणतो, हे जमिनीचंच भाषण आहे. विष पडलं की सगळ्यांवर सारखं पडतं. बंदीही सगळ्यांवर सारखी येते. पण भरपाई आणि उपाय कागद बघून येतात. चराई हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे आज लिहून घेतलं नाही, तर संकटाच्या दिवशी आपलं जनावर सरकारच्या लेखी नसल्यासारखंच होईल. संकट अणूचंच असेल असं नाही. कारखान्याचं पाणी नाल्याला सोडलं आणि ढोरं मेली, तरी हेच. साथ आली आणि बाजार बंद केला, तरी हेच. आज गार्ड ढोरं कोंडवाड्यात घालतो तेव्हाही हेच.

काही जाणती माणसं म्हणतील, सरकारला आपली ढोरं मोजून दिली तर उद्या कर लावतील, जंगलात बंदी करतील, एवढी ढोरं कशाला म्हणतील. ही भीती खोटी नाही. आजवर आपली नावं लिहिली गेली ती दंडासाठीच. म्हणून आम्ही म्हणतो की वही आधी आपल्या हातात राहू दे. पाड्याची वही पाड्यात राहील. कुणाला दाखवायची, कधी दाखवायची, ते पाडा ठरवील.

मेळाव्यापुढे आम्ही पाच कामं ठेवतो. चर्चा करा, बदला, पण ठरवून उठा.

एक. पावसाआधी प्रत्येक पाड्याने एक वही करायची. घरटी ढोरं, बकऱ्या, कोंबड्या. कुठल्या महिन्यात कुठे चरतात, पाणी कुठलं पितात, राखोळी कोण, कुठल्या बाजारात विकतात. म्हाताऱ्यांना विचारून लिहायचं, बायांना विचारून लिहायचं, कारण बकऱ्या-कोंबड्यांचा हिशेब त्यांच्याकडेच असतो. शाळेत जाणारी पोरं लिहितील. खाली सगळ्यांचे अंगठे.

दोन. त्या वहीवरून चराईच्या रानाचा नकाशा काढायचा. ओढा, टेकडी, देवाची जागा, वाट, जी नावं आपण म्हणतो त्याच नावांनी. जंगलखात्याच्या कंपार्टमेंट नंबराने नाही. नंबर नंतर शेजारी लिहिता येईल.

तीन. ग्रामसभेत ठराव करायचा, की या रानात आमची चराई पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि कुठल्याही कारणाने जनावरावर बंदी आली तर भरपाई सात-बारा बघून नाही, वापर बघून द्यावी. प्लॉटवाला असो की राखोळी असो. सरपंच ठराव घेत नसेल तर पाड्याने आपल्या बैठकीत करायचा आणि संघटनेकडे पाठवायचा. सगळे ठराव एकत्र करून मोर्चाने कलेक्टरकडे द्यायचे.

चार. तारापूरच्या भोवतीच्या गावांत माती, गवत, दूध, मासे, मांस यांचं मोजमाप होतं का आणि त्याचे आकडे काय, ते मराठीत पंचायतीच्या फळ्यावर लावा, ही मागणी करायची. कंब्रियाच्या मेंढपाळांचा सवाल तो हाच. आधीचा आकडा लिहिलेला नसेल तर नंतर किती वाढलं ते कोण सांगणार? आणि मोजायला येतील तेव्हा गावची दोन माणसं सोबत पाहिजेत. कुठल्या रानातलं गवत घ्यायचं ते गाव दाखवील.

पाच. अपघात झाला तर ढोरांचं काय करायचं, साफ चारा कुठून येणार, कोण आणणार, दूध कुठे ओतायचं, बाजार बंद झाला तर त्या दिवसांत खावटी कोण देणार, हे सगळं आधी लिहून आमच्या भाषेत सांगा, असं विचारायचं. माणसांना गाडीत घालून नेणार म्हणतात. ढोरांना सोडून आपल्यातलं किती जण गाडीत बसेल, तेही त्यांना सांगायचं.

मोठ्या केंद्राला हात जोडून थांब म्हटलं तर ते थांबत नाही. सामींच्या धरणाचं बघितलं. पण त्याच सामींनी पुढच्या संकटात कळपाचा हक्क कागदावर होता म्हणून पैसेही घेतले आणि उपायही करून घेतले. त्यांचं सगळं चांगलं झालं असं नाही. पुढेही कितीतरी वर्षं कळप मोजावा लागला आणि मांस बाद झालं. पण कळप आहे. पोरं कळपामागे जातायत.

आपल्यालाही ढोरं राखायची आहेत. वहीला थोडेच पैसे लागतात. ज्या पाड्याकडे नसतील त्यांना तरुण गट वही देईल, लिहायला पोरंही देईल. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या.

जिंदाबाद!